दरवाजे सिंभोऱ्याला, नाव देऊरवाड्याला

खाडीकाठच्या माणसाला पाण्याची पातळी वर्षभर आधी कळू शकते. बाणकोटच्या किंवा दाभोळच्या खाडीत होडी घालायची तर तिथी पाहायची. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाणाची भरती, अष्टमीच्या सुमाराला भांगाची, हे ठरलेलं. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तासांचं अंतर. भारतीय सर्वेक्षण विभाग बंदरांची भरती-ओहोटीची कोष्टकं आगाऊ छापतो. वाऱ्यापावसाने पातळीत थोडाफार फरक पडतो, पण चंद्रसूर्याने घालून दिलेलं वेळापत्रक मोडत नाही.

वर्धा नदीचं असं कोष्टक कुणालाच छापता येणार नाही. मध्य प्रदेशात मुलताईजवळ सातपुड्यात उगम पावून ही नदी खाली येते आणि वर्धा जिल्ह्याची पश्चिम सीमा होऊन वाहते. एका काठावर आर्वी, पुलगाव. दुसऱ्या काठावर अमरावती आणि यवतमाळ जिल्ह्यांतली गावं. काठाकाठावर सोयरिकी आहेत, शेतं आहेत, देवस्थानं आहेत. देऊरवाड्याच्या समोर कौंडिण्यपूर, रुक्मिणीचं माहेर. अशा ठिकाणी माणसं पाण्यावरून जाणारच, पूल झाले तरी जाणारच. २०१६च्या कायद्याने देशातले १११ जलमार्ग राष्ट्रीय ठरवले, त्यात पैनगंगा-वर्धा हा ७८व्या क्रमांकाचा. तो पट्टा खालच्या अंगाचा, चंद्रपूर-यवतमाळकडचा. पण वर्ध्यात नाव, डोंगा, मासेमारीची होडी पाण्यात असते ती कायद्याच्या अनुसूचीची वाट न पाहता.

त्या माणसांसाठी पाण्याचे आकडे रोज निघतात. पावसाळ्यात तर तासातासाला निघतात. अडचण एवढीच की हे आकडे नावाड्यासाठी काढलेले नसतात. धरणाचा आकडा सिंचनासाठी आणि धरणाच्या सुरक्षिततेसाठी काढतात. पुराचा आकडा काठावरच्या घरांसाठी, शेतांसाठी. नावेत बसणाऱ्याला त्यातून आपल्या घाटापुरता अर्थ स्वतः काढावा लागतो. तो कसा काढायचा, हेच या प्रकरणात पाहायचं आहे.

आधी एक दिवस आठवू या. १४ सप्टेंबर २०२१. अमरावती जिल्ह्यातल्या वरुड तालुक्यात, वर्धा नदीवर श्रीक्षेत्र झुंज नावाचं ठिकाण आहे. तिथे नदी खडकांवरून धबधब्याने उतरते. गाडेगावच्या एका कुटुंबातली आणि त्यांच्या नात्यातली माणसं दशक्रियेसाठी तिथे आली होती. विधी झाल्यावर १३ जण एका लहानशा नावेत बसले. नाव उलटली. दोघे पोहून निघाले, ११ जण गेले. त्या दिवसाबद्दल पुष्कळ बोललं गेलं, आणि एका नावेत किती माणसं बसली याच प्रश्नावर बोलणं थांबत राहिलं. तो प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण सप्टेंबरातली वर्धा आणि एप्रिलातली वर्धा या दोन वेगळ्या नद्या आहेत, आणि नाव सोडण्याआधी आज आपल्यासमोर यांतली कोणती आहे हे विचारण्याची रीत आपल्याकडे रुजलेली नाही, ही गोष्ट मला तितकीच जीवघेणी वाटते.

झुंज हे अप्पर वर्धा धरणाच्या वरच्या अंगाला. तिथलं पाणी मुख्यतः वरच्या पावसावर चढतं-उतरतं. मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरण आहे, त्याला १३ दरवाजे. तिथून खाली नदीचा स्वभाव पालटतो. पाऊस पडल्याबरोबर पाणी येतंच असं नाही, आणि पाऊस नसताना येत नाही असंही नाही. आणखी खाली, आर्वी तालुक्यात धनोडीला निम्न वर्धा प्रकल्प, त्याला ३१ दरवाजे. पुलगाव त्याच्याही खाली. म्हणजे पुलगावच्या पुलाखालचं पाणी कळायचं तर दोन धरणांची खबर घ्यायला हवी.

आकाश निरभ्र, ऊन पडलेलं, आणि नदी चढते. नवख्या माणसाला हे कळत नाही आणि घात होतो तो इथे. धरण पावसाळ्यात मनास येईल तसं भरून ठेवत नाहीत. कोणत्या तारखेला किती पातळीपर्यंत पाणी ठेवायचं याची जलाशय परिचालन सूची ठरलेली असते. ऑगस्टच्या मध्याला धरण त्या दिवसाच्या पातळीपेक्षा वर गेलं, की पाऊस थांबलेला असला तरी दरवाजे उचलतात, कारण पुढच्या पुरासाठी जागा ठेवायची असते. मुलताईकडे काल रात्री पडलेला पाऊस आज दुपारी जलाशयात येतो आणि देऊरवाड्याच्या घाटावर ढगाचा मागमूसही नसताना पाणी पायऱ्या चढू लागतं.

दरवाजे उचलले की तालुक्याच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक निरोप फिरतो. त्यात पाणीपातळी असते, उपयुक्त साठ्याची टक्केवारी असते, किती दरवाजे किती सेंटीमीटरने उघडले ते असतं, आणि विसर्ग. बहुतेक जण टक्केवारी वाचतात आणि पुढे जातात. नावाड्याला सगळ्यात कमी उपयोगाचा आकडा तोच. टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते, धरणातल्या एकूण पाण्याची नव्हे. अप्पर वर्धाचा एकूण साठा सुमारे ६७८ दलघमी (दशलक्ष घनमीटर) आणि त्यातला उपयुक्त साठा सुमारे ५६४ दलघमी. म्हणजे धरण कागदावर शून्य टक्के झालं तरी तिथे सुमारे ११४ दलघमी मृतसाठा उभा असतो. जलाशयात मासेमारी करणाऱ्याला ‘धरण आटलं’ ही बातमी फसवते. माणूस बुडायला लागतं त्याहून कितीतरी जास्त पाणी तिथे असतं.

पाणीपातळीचा आकडा समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा असतो. अप्पर वर्धाची पूर्ण संचय पातळी ३४२.५० मीटर. याचा अर्थ तिथे ३४२ मीटर खोल पाणी आहे असा नाही, हे सांगायला नको. तरी दरवर्षी कुणी ना कुणी तसा समज करून घेतंच. हा आकडा एकट्याने खोली सांगत नाही. आपण जिथे नाव घालणार तिथल्या तळाची उंची माहीत असेल तरच खोली निघते, आणि ती उंची जुन्या नावाड्याला माहीत असते, कारण उन्हाळ्यात त्याने तो तळ कोरडा पाहिलेला असतो. गाळपेर करणारे शेतकरीही ही उंची चांगली ओळखतात. पाणी मागे सरकलं की मोकळ्या झालेल्या गाळाच्या जमिनीत ते पेरतात, त्यामुळे कोणत्या पातळीला कोणता धुरा उघडा पडतो हे त्यांना पाठ असतं. जलाशयात नाव घेऊन जाणाऱ्याने या दोघांपैकी एकाला विचारल्याशिवाय जाऊ नये असं माझं मत आहे. पाण्याखाली गेलेल्या शेतांतले झाडांचे बुंधे, विहिरींचे काठ, जुन्या घरांचे ओटे भरल्या धरणात नावेच्या कितीतरी खाली राहतात. पातळी दोन-तीन मीटर उतरली की तेच पृष्ठभागाच्या एक वीत खाली येतात, दिसत नाहीत, आणि होडीचा तळ फाडतात. भरलेल्या जलाशयापेक्षा उतरत्या जलाशयाला जास्त जपावं लागतं.

आता विसर्ग. नदीत नाव घालणाऱ्याने निरोपातला हा आकडा आधी वाचावा, आणि तो कोणत्या एककात आहे हे त्याहून आधी. जलसंपदा विभाग विसर्ग घनमीटर प्रति सेकंदात देतो, त्यालाच क्युमेक म्हणतात. बातमीत मात्र सवयीने क्युसेक लिहिलं जातं, म्हणजे घनफूट प्रति सेकंद. एक क्युमेक म्हणजे ३५.३१ क्युसेक. निरोप ५०० क्युमेकचा असेल आणि ऐकणाऱ्याने ५०० क्युसेक समजून घेतलं, तर त्याच्या अंदाजाच्या पस्तीस पट पाणी त्याच्या अंगावर येणार आहे. ५०० क्युमेक म्हणजे किती, याचा अंदाज असा करता येतो. समजा पात्र २०० मीटर रुंद आहे आणि पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने वाहतंय. तर त्या पात्रात सरासरी अडीच मीटर खोली भरेल. काल जिथे गुडघाभर पाण्यातून बैल जात होते, तिथे आज माणूस उभा राहू शकत नाही.

खोली वाढते तेव्हा वेगही वाढतो, आणि वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की नावेवरचा रेटा चौपट होतो. म्हणून काल ज्या वल्ह्याच्या बळावर नाव पैलतीराला गेली, ते वल्हं आज पुरेलच याचा भरवसा नाही. पाणी थोडंच वाढलंय, असं डोळ्यांना वाटतं. हाताला ते चौपट लागतं.

दरवाजांचे सेंटीमीटरही दिसतात तितके सरळ नसतात. ‘पाच दरवाजे ३० सेंटीमीटरने उघडले’ हे वाक्य दोन वेगळ्या दिवशी आलं तर दोन्ही दिवशी पाणी सारखंच सुटलं असं होत नाही. दरवाजामागे पाण्याची उंची जितकी जास्त, तितकं त्याच फटीतून पाणी जास्त जोराने निघतं. त्यामुळे फटीच्या मापावरून अंदाज करू नये, विसर्गाचाच आकडा धरावा.

मग प्रश्न उरतो, सुटलेलं पाणी आपल्या घाटावर केव्हा पोचेल. इथे एक बाब सहसा लक्षात येत नाही. पाण्यावर टाकलेलं पान ज्या वेगाने वाहत जातं, त्याहून पाण्याचा चढ जास्त वेगाने खाली सरकतो, मोकळ्या पात्रात साधारण दीडपट. नदीचा सरासरी वेग सेकंदाला एक मीटर, म्हणजे ताशी ३.६ किलोमीटर धरला, तर ३० किलोमीटर खालच्या घाटावर पान पोचायला सव्वाआठ तास लागतील. पण चढ साडेपाच तासांत येईल. सकाळी सहाला दरवाजा उचलला असेल तर साडेअकराला पायरी बुडायला लागेल. हे आकडे गृहीत धरलेले आहेत. प्रत्येक घाटाचा काळ वेगळा, आणि पूर जितका मोठा तितका तो लवकर येतो. पण दोन-तीन वेळा निरोपाची वेळ आणि घाटावर पाणी हललेलं पाहिल्याची वेळ वहीत लिहून ठेवली, की आपल्या गावापुरता काळ हाती लागतो. काठावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत अशी वही असायला हवी असं मला मनापासून वाटतं. तिला खर्च काहीच नाही.

वर्धा जिल्ह्यातल्या सगळ्याच नद्यांना ही रीत लागू पडत नाही. धाम नदीवर महाकाळीला जे धरण आहे, त्याचा सांडवा मोकळा आहे. पातळी सांडव्याच्या माथ्याला टेकली की वरून जेवढं येईल तेवढं खाली जातं. तिथे दरवाजा उचलल्याचा निरोप यायचा प्रश्नच नसतो. पवनारला, जिथे १२ फेब्रुवारी १९४८ रोजी गांधीजींच्या अस्थींचं विसर्जन झालं आणि जिथे विनोबांचा आश्रम आहे, तिथली धाम उन्हाळ्यात खडकांमधून झुळझुळते. धरण सांडव्याला लागल्यावर मात्र पाहायचं ते एकच: सांडव्यावरून पाण्याचा थर किती जाड जातो आहे. वणा नदीचं आणखी वेगळं. हिंगणघाटला वणा चढते ती नागपूर जिल्ह्यातल्या वडगाव धरणाचे दरवाजे उघडल्यावर, म्हणजे खबर शेजारच्या जिल्ह्यातून घ्यायची.

नदीची प्रत्यक्ष पातळी मोजणारी केंद्रं केंद्रीय जल आयोगाची आहेत. या खोऱ्यात वर्धेवर हिवरा, घुग्घूस, बामणी आणि वणेवर नांदगाव ही त्यांची केंद्रं. अशा केंद्रावर काय असतं? काठाच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी उभ्या केलेल्या मोजपट्ट्या. पांढऱ्यावर काळ्या रेघा, सेंटीमीटरपर्यंत आखलेल्या. पाणी एका पट्टीवरून चढलं की पुढच्या पट्टीवर वाचायचं. वाचणारा माणूस पाण्याच्या जवळ जाऊन, डोळा शक्य तितका पाण्याच्या रेषेत आणून बसतो. पाणी स्थिर नसतंच. लाट पट्टीवर कुठवर चढते आणि कुठवर उतरते हे तो थोडा वेळ पाहतो आणि दोन्हींच्या मधला आकडा लिहितो. मग पट्टीच्या शून्याची समुद्रसपाटीपासूनची उंची त्यात मिळवली की पातळी झाली. समजा शून्याची उंची २०० मीटर आणि पट्टीवर ४.३६, तर पातळी २०४.३६ मीटर. एवढ्या साध्या कामावर खालच्या अंगाच्या पूर अंदाजाची सगळी इमारत उभी असते. नदी मोजणं माणसाने फार आधी सुरू केलं; कैरोजवळच्या रोडा बेटावर इसवी सन ८६१ मध्ये बांधलेला नाईल नदीचा मापस्तंभ आजही उभा आहे, आणि त्या स्तंभावरच्या हातांच्या खुणांवरून शेतसारा ठरत असे.

आयोगाचं ‘फ्लडवॉच इंडिया’ हे मोबाइल अॅप ऑगस्ट २०२३ मध्ये आलं. त्यात केंद्रांची पातळी पाहता येते. मात्र ते उघडल्यावर हिरवा रंग दिसला म्हणून नाव सोडायची नाही. तिथल्या इशारा पातळी आणि धोका पातळी या काठावरच्या वस्तीसाठी ठरवलेल्या असतात. पाणी घरांकडे वळू लागतं तिथे इशारा पातळी येते. त्या पातळीच्या कितीतरी खाली, नदी काठांच्या आत असतानाच, लहान नावेला ती झेपेनाशी झालेली असते. अॅपवर नदी ‘सामान्य’ असते आणि घाटावर नाव बांधून ठेवायची वेळ होऊन गेलेली असते. म्हणून नावेची धोका पातळी वेगळी हवी, आणि ती घाटागणिक ठरवावी लागेल. पुलाच्या खांबावर किंवा घाटाच्या पायरीवर रंगाचा एक पट्टा: पाणी इथवर आलं की नाव बंद. कुठवर रंगवायचा हे गावातले ढिवर-भोई एका बैठकीत सांगू शकतील.

अॅप पाहताना दोन गोष्टींकडे नजर जायला हवी. पहिली, नोंद किती वाजताची आहे. सकाळी आठची पातळी दुपारी चारला उपयोगाची नाही, आणि यंत्र बंद पडलं तर शेवटचा आकडा तसाच दिसत राहतो. दुसरी, कल. आपल्याकडे ढिवर लोक आधी हेच विचारतात, ‘पाणी चढून राह्यलं का उतरून राह्यलं?’ चढत्या पाण्याबरोबर काठावरचा सगळा केरकचरा येतो. लाकडं, तोडलेल्या फांद्या, कधी अख्खं झाड. हे ओंडके नावेला आडवे आले की उलटायला वेळ लागत नाही. त्यामुळे पट्टीवर आकडा एकच असला तरी चढतीचा दिवस आणि उतरतीचा दिवस सारखे धरायचे नाहीत. एवढं करूनही मोबाइलला रेंज नसेल, तर घाटावर पाण्याच्या कडेला काठी रोवावी आणि अर्ध्या तासाने पाहावी. काठीचा बुडखा पाण्यात गेला असेल तर नाव नेऊ नये.

बंधाऱ्यांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण जिल्ह्यात नदीनाल्यांवर बंधारे आहेत आणि ते नावाड्याला वरच्या बाजूने दिसत नाहीत. वरून पाहिलं तर पाण्याची रेघ सपाट पुढे गेलेली दिसते. बंधाऱ्यावरून पडलेलं पाणी खाली आपटून पुन्हा बंधाऱ्याकडेच उलटं फिरतं आणि तिथे एक आडवी उकळी तयार होते. तीत सापडलेली वस्तू बाहेर फेकली जात नाही, गोल गोल फिरत राहते. होडीही आणि माणूसही. पाणी कमी असताना उंच पडझोत दिसतो म्हणून माणूस लांब राहतो. पाणी वाढलं की खालची पातळीही वर येते, पडझोत बुटका दिसू लागतो आणि बंधारा जणू बुडाला असं वाटतं. उकळी तेव्हा अनेकदा जास्त जोरदार असते. भरल्या नदीत बंधाऱ्यावरून नाव नेण्याइतका वाईट निर्णय दुसरा नाही, मग आकडे काहीही सांगोत.

मोवाडची आठवण इथे टाळता येत नाही. ३० जुलै १९९१ रोजी नरखेड तालुक्यातल्या या गावात पहाटे वर्धा नदीचा पूर शिरला आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. तिथे नावेचा संबंध नव्हता. संबंध होता तो वरून येणाऱ्या पाण्याची खबर वेळेत न पोचण्याशी. आज खबर पोचवायची साधनं हातात आहेत.

पातळी, विसर्ग, कल हे सगळं पाहून झालं तरी जलाशयावर एक गोष्ट कोणत्याही मोजपट्टीत येत नाही, ती वारा. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली नाव वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. मे महिना होता, धरणात पाणी खाली गेलेलं होतं. पातळीचा आकडा त्या दिवशी कुणालाही सावध करू शकला नसता. रुंद पाण्यावर वाऱ्याला अडवणारं काही नसतं, आणि जितकं अंतर तो मोकळा धावतो तितकी लाट मोठी होते. निम्न वर्धा किंवा बोर धरणाच्या पाण्यावर वैशाखात दुपारनंतर ढग जमू लागले, की हवामान खात्याच्या नागपूर केंद्राने वादळी पावसाचा इशारा दिला आहे का ते पाहावं. दिला असेल तर होडी काठाला ओढून बांधावी, जाळं पाण्यात राहिलं तरी सकाळी काढता येतं. आणि अंगावर लाइफ जॅकेट असावं. २०२१च्या अंतर्देशीय जहाज कायद्याने वल्ह्यावर चालणाऱ्या नावांचाही विचार केला आहे, पण देऊरवाड्याच्या घाटावर तपासणीला कुणी येईल याची वाट पाहण्यात अर्थ नाही. जॅकेट नावेच्या कोपऱ्यात ठेवून उपयोग नाही. पट्टे आवळून, नावेत चढण्याआधी, काठावरच घालावं लागतं.